ओसाकात खादाडी की किनोसाकीत डुंबणं? पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कसं ठरवायचं

जपानचा प्लॅन करताना कानसाईपाशी, म्हणजे ओसाका-क्योतो-कोबेच्या पट्ट्यात आलं की घरात एक भांडण ठरलेलं. अर्ध्या लोकांना ओसाकात राहून सकाळ-संध्याकाळ चरायचं असतं, उरलेल्यांना कुठेतरी डोंगराच्या कुशीत गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचं असतं, आणि हातात रात्री असतात मोजून तीन-चार. आमच्याकडे नवरा खादाडी पार्टीचा, मी गरम पाणी पार्टीची, आणि सासूबाई "तुम्ही न्याल तिथे येते बाई" म्हणणाऱ्या, पण गुडघे त्यांचेच दुखत होते त्यामुळे खरं मत त्यांचंच होतं. आम्ही त्यात बऱ्याच चुका केल्या, त्या तुम्ही करू नका म्हणून हे सगळं लिहितेय.

उदाहरणाला ओसाका आणि किनोसाकी घेतलंय कारण दोन्ही मी पाहिलेत आणि दोन्ही थेट रेल्वेने जोडलेत. किनोसाकी म्हणजे ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, जपानच्या समुद्राच्या बाजूला असलेलं छोटं ओनसेन गाव. ओनसेन म्हणजे गरम पाण्याचे झरे आणि त्यावरची न्हाणीघरं.

स्टेप १: फोटो बाजूला ठेवा, घड्याळ बघा

सगळे लोक फोटो बघून ठरवतात. इकडे ओसाकातल्या दोतोनबोरीच्या कालव्यावरचा तो दोन्ही हात वर करून धावणारा दिव्यांचा माणूस, तिकडे बर्फात वाफाळणारं कुंड. दोन्ही फोटो भारीच असतात, त्यावरून काही ठरत नाही. तुम्ही एकच प्रश्न विचारा, संध्याकाळी सहा वाजता तुम्हाला कुठे असायला आवडतं?

कारण ओसाका संध्याकाळी सहाला जागं होतं. दिव्यांच्या पाट्या पेटतात, ऑफिसवाले टाय सैल करून बाहेर पडतात, गल्लीबोळात बारा खुर्च्यांची दुकानं भरायला लागतात आणि हे रात्री अकरा-बारापर्यंत चालतं. आणि नेमकं त्याच वेळी, सहा-साडेसहाला, ओनसेन गावातल्या ऱ्योकानमध्ये (तिथली पारंपरिक राहण्याची जागा) तुम्हाला जेवायला बसवतात. साडेआठपर्यंत जेवण आटपतं, मग थोडं थांबून अजून एक डुबकी, आणि दहाला गाव शांत. म्हणजे एकाची संध्याकाळ सुरू होते तेव्हा दुसऱ्याची संपत आलेली असते. ज्याला रात्री दहाला "चला आता अजून एक राउंड" असं वाटतं त्याला ओनसेन गावात दोन रात्री ठेवलंत तर तो दुसऱ्या रात्री खोलीत येरझाऱ्या घालेल, आणि ज्याला आठला झोप यायला लागते त्याला दोतोनबोरीच्या गर्दीत उभं केलंत तर तो तुमच्यावर चिडेल. घरातल्या प्रत्येकाला हा प्रश्न वेगवेगळा विचारा, एकमेकांसमोर विचारलात तर सगळे "मला काहीही चालेल" म्हणतात.

स्टेप २: ओसाका म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

ओसाकात बघायचं असं खूप काही नाही हे आधी सांगून टाकते. किल्ला आहे, पण आतला मुख्य मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला आहे आणि आत लिफ्ट आहे. ओसाकाला लोक जातात खायला. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) देशभरचा तांदूळ आणि माल इथे जहाजांनी यायचा, म्हणून शहराला 'देशाचं स्वयंपाकघर' म्हणतात. होक्काइदोकडचं कोंबू नावाचं समुद्री शेवाळ याच जहाजांतून इथे यायचं, त्यामुळे इथल्या रश्शाची चव तोक्योपेक्षा सौम्य आणि रंग फिका असतो. त्यांच्यात एक म्हण आहे, क्योतोवाले कपड्यांपायी कंगाल होतात आणि ओसाकावाले खाण्यापायी. 'कुइदाओरे' म्हणतात त्याला, आणि त्याचा त्यांना चांगलाच अभिमान आहे.

आता ताकोयाकीचं सांगते कारण तिथे प्रत्येक नवखा माणूस भाजतो, अक्षरशः. आपल्या आप्पेपात्रासारखा खळग्यांचा मोठा लोखंडी तवा असतो, त्यात पातळ पीठ, मध्ये ऑक्टोपसचा तुकडा, आणि तो माणूस दोन टोकदार सळयांनी इतक्या भराभर ते गोळे उलटतो की बघत राहावं. सहा किंवा आठ गोळे होडीच्या आकाराच्या ट्रेमध्ये देतात, वर तपकिरी सॉस, मेयो, आणि सुकवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप जे वाफेने हलत असतात, जिवंत असल्यासारखे. आमच्या साहेबांनी ट्रे हातात आल्या आल्या अख्खा गोळा तोंडात टाकला. बाहेरून तो कोमट लागतो पण आत अर्धवट शिजलेलं पीठ असतं, लाव्हा. डोळ्यातून पाणी, तोंड उघडं, नाचतोय तो, आणि दुकानदार हसून हसून बेजार. पुढचे दोन दिवस त्याला कशाचीच चव नीट कळली नाही. तर पद्धत अशी की काडीने गोळ्याला भोक पाडा, वाफ जाऊ द्या, मिनिटभर थांबा, मग अर्धा खा. आणि दुकानाजवळच उभं राहून खा, चालत चालत खायची तिथे पद्धत नाही आणि रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच. रिकामा ट्रे त्याच दुकानात परत देता येतो.

कुशीकात्सु खायला शिनसेकाई भागात जा, त्सुतेनकाकु टॉवरच्या पायथ्याशी. पहिला टॉवर १९१२चा होता, आत्ताचा १९५६ साली उभा राहिला, आणि आजूबाजूचा भाग थोडा जुनाट, थोडा भडक, मला फार आवडला. कुशीकात्सु म्हणजे काडीला लावून तळलेलं काहीही, मांस, मासे, कांदा, कमळाचं देठ, भोपळा. तिथला एकच कायदा, सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची. सॉसचं भांडं सगळ्यांचं सामाईक असतं म्हणून उष्टी काडी परत बुडवणं म्हणजे महापाप, भिंतीवर लिहिलेलं असतं. सॉस कमी पडला तर सोबत दिलेल्या कोबीच्या पानाने उचलून घ्यायचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी भांड्याऐवजी बाटली ठेवतात, पण भांडं दिसलं तर लक्षात असू द्या.

बाजाराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे जण कुरोमोन मार्केटला पाठवतात, ठीक आहे, बघा एकदा, पण सकाळी जा आणि भाव बघून घ्या कारण आता तिथे बरंचसं पर्यटकांसाठीच चाललंय. त्यापेक्षा तेनजिनबाशीसुजी नावाची छपराखालची बाजारपेठ आहे, जवळपास अडीच किलोमीटर लांब, जपानमधली सगळ्यात लांब म्हणतात, तिथे स्थानिक बायका भाजी घेत असतात, चष्म्याचं दुकान, चपलांचं दुकान, मध्येच गरम क्रोकेटचं दुकान, आणि खायचे भाव माणसात असतात. पाऊस असला तरी छप्पर आहे. आम्ही तिथे तीन तास घालवले आणि एकही फोटो धड काढला नाही.

राहायला नाम्बा घ्या म्हणजे दोतोनबोरी चालत आणि विमानतळावरून नानकाई रेल्वे थेट येते, पाऊण तासाच्या आसपास. एस्केलेटरवर ओसाकात उजवीकडे उभं राहायचं, तोक्योत डावीकडे, तोक्योहून आलात की पहिले दोन दिवस धक्के खाणार.

स्टेप ३: ओनसेन गावात काय करतात ते समजून घ्या, आणि लाजेचं आधी बघा

किनोसाकीत सात सार्वजनिक न्हाणीघरं आहेत आणि मधून एक छोटी नदी वाहते, काठाने विलोची झाडं, छोटे दगडी पूल. गावातल्या कुठल्याही ऱ्योकानमध्ये मुक्काम केलात की सातही न्हाणीघरांचा पास मुक्कामापुरता फुकट मिळतो. ऱ्योकानवाले युकाता (सुती झगा म्हणा) आणि लाकडी गेता चपला देतात, ते घालून सगळं गाव रस्त्यावरून खटखट करत एका न्हाणीघरातून दुसऱ्यात जात असतं, म्हातारे, कॉलेजची पोरं, सगळे सारखेच दिसतात. पूर्ण गाव म्हणजे एक ऱ्योकान, स्टेशन म्हणजे त्याचं दार, रस्ता म्हणजे व्हरांडा, असं तिथले लोक सांगतात, आणि खरंच तसंच वाटतं.

आता मुद्दा. या न्हाणीघरांत कपडे घालून जाता येत नाही. स्विमसूटही नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, पण आत सगळे पूर्ण उघडे. आपल्याकडच्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटतो आणि बरेच जण इथेच ओनसेनवर फुली मारतात. मी सांगते काय होतं ते. कपडे बदलायच्या खोलीत मी टॉवेल गुंडाळून दहा मिनिटं उभी होते, सासूबाई माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघत नाहीये. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, कोण ओळखतंय आपल्याला इथे, चल," आणि पदर खोचावा तशा आत्मविश्वासाने आत गेल्या. आत खरोखर कुणी कुणाकडे बघत नाही. दोन मिनिटांत विसरायला होतं.

आतली पद्धत अशी. आधी भिंतीला ओळीने शॉवर असतात, समोर छोटं स्टूल, त्यावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, बसूनच, उभं राहून शेजारणीवर शिंतोडे उडवायचे नाहीत. साबण पूर्ण धुऊन टाकायचा. केस लांब असतील तर वर बांधायचे. मग हळूच कुंडात उतरायचं. छोटा टॉवेल सोबत न्यायचा पण पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवतात किंवा काठावर. पाणी चाळीस-बेचाळीस डिग्रीचं असतं, पहिल्यांदा चटका बसतो. पाच-सात मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, परत जा. सात कुंडं एका संध्याकाळी संपवायची रेस लावू नका, तीन झाली तरी माणूस लोण्यासारखा मऊ होतो. जेवल्या जेवल्या किंवा पिऊन आत जायचं नाही, आणि बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, तिथे जाऊन नको. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक कुंडात जात नाहीत. त्या तारखा बुकिंगच्या वेळीच बघितलेल्या बऱ्या.

अजिबातच जमणार नसेल तर दोन रस्ते आहेत. बऱ्याच ऱ्योकानमध्ये 'काशिकिरी' म्हणजे तासाभरासाठी कुटुंबाला एकट्याला मिळणारं कुंड असतं, आणि काही खोल्यांना स्वतःचं उघड्यावरचं कुंड असतं, ते अर्थातच महाग. टॅटू असेल तर जपानमध्ये खूप ओनसेन आत सोडत नाहीत, किनोसाकीची सार्वजनिक न्हाणीघरं मात्र सोडतात, म्हणूनही हे गाव नवख्यांना बरं पडतं.

युकाता घालताना डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात. आमच्या सासूबाई उलटं गुंडाळून जिन्यावरून उतरल्या तर मालकीणबाई अक्षरशः पळत आल्या, एक शब्द न बोलता पट्टा सोडला, बाजू बदलली, परत बांधला आणि वाकून नमस्कार केला. आम्हाला कारण नंतर कळलं.

सगळ्यात जुनं न्हाणीघर कोनो-यु, त्याची दंतकथा अशी की पायाला जखम झालेला एक करकोचा तिथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला आणि त्यावरून लोकांना झरा सापडला. ओसाकाहून तिथे जाणाऱ्या एक्सप्रेसचं नाव कोउनोतोरी, म्हणजे तोच करकोचा. या भागातला, म्हणजे तोयोओका परिसरातला शेवटचा रानटी करकोचा १९७१ मध्ये मेला होता, मग लोकांनी पिंजऱ्यात वाढवून २००५ पासून परत मोकळे सोडले, आता गाडीतून भातशेतात दिसतात. आम्हाला एक दिसला, नवऱ्याला वाटलं बगळा आहे.

स्टेप ४: अंतराचं गणित, इथे लोक फसतात

ओसाका स्टेशन ते किनोसाकी, थेट एक्सप्रेसने साधारण पावणेतीन तास. एकेरी. तिकीट सीटसकट साडेपाच-सहा हजार येनच्या घरात. कानसाईचा पाच दिवसांचा वाइड एरिया रेल्वे पास घेतलात तर त्यात ही गाडी बसते, बाकी फिरणं किती आहे ते बघून हिशोब करा. थेट गाड्या दर तासाला नसतात, काही वाटेतल्या फुकुचियामा स्टेशनपर्यंतच येतात आणि तिथे शेजारी उभी असलेली क्योतोकडून आलेली गाडी पकडायची असते, त्यामुळे वेळापत्रक आदल्या रात्री बघा.

याचा अर्थ किनोसाकी सकाळी जाऊन रात्री परत हा प्लॅन करूच नका. साडेपाच तास गाडीत आणि चार तास गावात, त्यात पायात गेता घालून नीट चालताही येत नाही तोवर परतायची वेळ. मुक्काम करणार असाल तरच जा.

आणि मुक्कामाचं एक मोठं पथ्य, ऱ्योकानला दुपारी तीन-चारला पोचायचं. आमचं काय झालं, त्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला जाता जाता शेवटचं ओकोनोमियाकी (कोबी घातलेलं जाड धिरडं म्हणा) खाऊ, मग शेजारी अजून काही दिसलं, अकराची गाडी सोडून एकची पकडली, ती फुकुचियामापर्यंतचीच होती, पुढची पकडण्यात घोळ घातला आणि पोचलो संध्याकाळी सहाला. जेवणाची वेळ सहाची. अंघोळ नाही, काही नाही, तसेच घामट अवस्थेत जेवायला बसलो आणि समोर एकामागून एक दहा-बारा पदार्थ यायला लागले, इवल्या इवल्या वाट्या, प्रत्येकात काहीतरी कोरीव काम केल्यासारखं, आणि आमची पोटं दुपारच्या मैदा-कोबी-सॉसने तुडुंब. नवरा चौथ्या वाटीला हरला. त्या मुक्कामाचा निम्मा खर्च त्या जेवणाचा असतो हो! वाढणारी मुलगी दर वेळी भरलेली वाटी उचलताना काळजीने बघायची, की जेवण आवडलं नाही का. मला अजून आठवलं की ओशाळल्यासारखं होतं. ऱ्योकानच्या दिवशी दुपारी हलकं खा, शक्यतो गाडीत एखादा ओनिगिरी (भाताचा गोळा), बास.

स्टेप ५: पैसे

ओसाकात साधं बिझनेस हॉटेल खोलीमागे आठ ते पंधरा हजार येन, खाणं तुमच्या हातात, सहा-आठ ताकोयाकी पाचशे ते आठशे येन, पोटभर ओकोनोमियाकी हजार-दीड हजार. ऱ्योकानचा दर मात्र माणशी असतो, खोलीमागे नाही, इथे पहिल्यांदा बुक करणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. दोन जेवणं धरून माणशी पंधरा हजारापासून तीस हजार येन आणि पुढे कितीही. शनिवार आणि सुट्टीच्या आदल्या रात्री दर चढतात. नोव्हेंबर ते मार्च खेकड्याचा सीझन, तेव्हा तर विचारू नका. वर न्हाण्याचा टॅक्स माणशी दीडशे येनच्या आसपास.

म्हणजे तिघांची ऱ्योकानची एक रात्र म्हणजे ओसाकातल्या तीन रात्री. म्हणून पहिल्यांदा जाताना एकच रात्र घ्या पण दोन्ही जेवणांसकट घ्या. पैसे वाचवायला बिनजेवणाचा दर घेतला तर संध्याकाळी गावात जागा शोधत फिरावं लागतं आणि सगळं लवकर बंद होतं. रोख येन जवळ ठेवा, लहान दुकानं कार्ड घेतीलच असं नाही.

स्टेप ६: शाकाहारी असाल तर

हे मी पहिलं लिहायला हवं होतं खरं तर. जपानमध्ये 'मांस नको' म्हटलं की मासे चालतात असं समजतात, आणि दाशी, म्हणजे सुक्या माशाचा किंवा कोंबूचा रस्सा, सगळ्यात असतो, मिसो सूपमध्ये, भाजीत, ओकोनोमियाकीच्या पिठात सुद्धा. सासूबाई शाकाहारी, त्यामुळे आम्ही हा विषय बराच कोळून प्यायलोय.

ओसाकात हे निभतं. मोठं शहर आहे, पूर्ण शाकाहारी जागा मिळतात, भारतीय हॉटेलं आहेत, एक जागा नाही जमली तर दुसरी. फोनमध्ये जपानीत वाक्य लिहून ठेवा, मांस, मासे, अंडं यातलं काय काय नको आणि माशाचा दाशीही नको, असं स्पष्ट, नुसतं 'व्हेज' नको. ओनसेन गावात मात्र मेनू एकच, आठवडाभर आधी ठरलेला, आणि त्या दिवशी जाऊन सांगितलं तर स्वयंपाकघर काही करू शकत नाही. बुकिंग करतानाच लिहा आणि त्यांचा होकार आला तरच पैसे भरा. दोन-तीन ऱ्योकाननी आम्हाला नम्रपणे नाही म्हणून कळवलं, एकाने दहा दिवस आधी कळवा म्हणून सांगितलं आणि मग तोफू, रताळं, मशरूम, कोंबूचा रस्सा असं जे काही केलं होतं ते आमच्या खेकड्यापेक्षा चवदार दिसत होतं. कांदा-लसूणही चालत नसेल तर मी तरी ऱ्योकानचं जेवण घेऊ नका म्हणेन. नाश्ता-जेवण सोबत न्या आणि खोलीपुरतं बुकिंग करा, एवढा एकच अपवाद.

स्टेप ७: अजूनही ठरत नसेल तर

मधला रस्ता आहे, अरिमा ओनसेन. कोबेच्या डोंगरामागे, ओसाकाहून बसने तासाभरात. तिथलं 'सोनेरी पाणी' खरं तर विटकरी-तपकिरी असतं, लोखंड खूप आहे, हवा लागली की गंजाच्या रंगाचं होतं, पांढरा टॉवेल नेऊ नका. सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी इथे वारंवार यायचा. सार्वजनिक न्हाणीघर आहे, हजार येनच्या आसपास काम होतं, दुपारी जाऊन डुंबून रात्री आठला परत दोतोनबोरीत. किनोसाकीची शांतता नाही मिळत, गर्दी असते, पण तुम्हाला ओनसेन आवडतंय की नाही हे कमी पैशात कळतं. ज्यांना उघड्याने अंघोळीची धास्ती आहे त्यांनी आधी इथे धडा गिरवावा.

अजून एक, ओसाकातल्या बऱ्याच हॉटेलांत 'दाइयोकुजो' म्हणजे मोठं सामाईक न्हाणीघर असतं. ते ओनसेन असेलच असं नाही. जपानमध्ये १९४८ पासून कायदा आहे, जमिनीतून निघताना पाणी निदान २५ डिग्री असलं पाहिजे किंवा त्यात ठरलेल्या यादीतलं एखादं द्रव्य असलं पाहिजे, तरच ओनसेन म्हणता येतं. नाहीतर ते तापवलेलं नळाचं पाणी. थकलेल्या पायांना फरक पडत नाही म्हणा!

स्टेप ८: दोन्ही करणार असाल तर क्रम

आधी शहर, मग गाव. उलट केलंत तर गावाने आलेली सुस्ती शहर दोन तासांत उतरवतं. ओसाकात रोज पंधरा-वीस हजार पावलं होतात, तिसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलायला लागतात, त्या दिवशी गाडीत बसून किनोसाकीला जायचं. पण गावाची रात्र ही ट्रिपची शेवटची रात्र ठेवू नका, कारण तिथून कानसाई विमानतळ चार तास धरा, आणि बर्फ पडला की गाड्या लेट. तीन रात्री असतील तर ओसाका, किनोसाकी, ओसाका. मोठ्या बॅगा ओसाकाच्या हॉटेलात ठेवायला सांगा, एका रात्रीला एक पाठपिशवी पुरते कारण गावात तुम्ही युकाताच घालणार आहात. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टचा मधला आठवडा आणि नवीन वर्ष टाळा.

खादाडी पार्टीतला माणूस गावात कंटाळेल अशी भीती असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी गेनबुदोला न्या, किनोसाकीच्या अलीकडे एक स्टेशन. षटकोनी खांबांची बेसॉल्टची गुहा आहे, सोळा लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. मात्सुयामा नावाच्या शास्त्रज्ञाला १९२६ मध्ये इथल्याच दगडात दिसलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कधीकाळी उलटं होतं. आमच्या साहेबांचं म्हणणं "हा तर आपल्या सह्याद्रीचाच दगड", पण बसला मात्र तिथे तासभर.

आणि गावातली शेवटची सकाळ झोपेत घालवू नका. काही न्हाणीघरं सातला उघडतात, बाकीची दुपारी, आणि प्रत्येक आठवड्यात एखाद दिवस बंद असतं, ऱ्योकानमध्ये विचारून ठेवा. सकाळी दार उघडल्यावर जो पहिला आत जातो त्याला एक छोटी लाकडी पट्टी मिळते, पहिल्या नंबरची. सासूबाईंनी ते ऐकल्यावर आम्हाला साडेसहाला उठवलं. धुकं होतं, नदीवर बदकं, रस्त्यात फक्त आमच्याच गेताचा आवाज, आणि गुडघेदुखीवाली बाई सगळ्यात पुढे. पोचलो तर दाराशी दोन आजीबाई आधीच रांगेत उभ्या, टॉवेल खांद्यावर टाकून गप्पा मारत.